निकाली कुस्ती आणि घड्याळाचा काटा

अध्यक्षमहाराज आणि बडोदेकर मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय 'आंतरराष्ट्रीय बहुक्रीडा स्पर्धा : इतिहास आणि विकास'. म्हणजे ऑलिंपिक, आशियाई, राष्ट्रकुल, पॅरालिंपिक, सगळं एका तासात. पत्रिका छापणाऱ्यांचा वक्त्यावर फार विश्वास दिसतो. ते सगळं येणार आहे, पण आधी एका कुस्तीबद्दल बोलतो. बडोद्यात कुस्तीनं सुरुवात केली की निदान पहिली पंधरा मिनिटं कुणी उठून शेवउसळ खायला जात नाही, हा हिशेब त्यात आहेच.

साल १९१२, गाव स्टॉकहोम, ऑलिंपिकचा जुलै महिना. कुस्ती ग्रीको-रोमन, म्हणजे कंबरेखाली हात लावायचा नाही आणि पायाचाही वापर नाही. पट काढायचा नाही, टांग मारायची नाही. आपल्या तालमीतला पोरगा विचारेल, मग उरलं काय? उरतं ते वरचं अंग, कवळ, आणि दम. उघड्या स्टेडियममध्ये, उन्हात, मॅट अंथरलेली. एका बाजूला मार्टिन क्लाइन, एस्टोनियाचा, रशियाकडून उतरलेला. दुसऱ्या बाजूला फिनलंडचा आल्फ्रेड असिकाइनेन. गंमत अशी की फिनलंडही तेव्हा झारच्याच ताब्यात होता. दोघेही एकाच राजाची प्रजा आणि दोघं एकमेकांच्या मानेवर.

ही कुस्ती चालली ११ तास ४० मिनिटं.

दर अर्ध्या तासानं थोडी विश्रांती, पुन्हा खडाखडी. इतका वेळ का लागला, हे समजून घ्यायला हवं, कारण माझा पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. पहिलं कारण, गुण नव्हते. चीत झाला तरच हरला. दुसरं, दोघांची ताकद सारखी. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. नुसता बचाव करत राहिलं तर लगेच काही तोटा होत नव्हता. पोटावर पालथा पडून, कोपर आत घेऊन, छाती मॅटला चिकटवून जो पडून राहतो, त्याला पायाला हात न लावता उलटवायचं कसं? समोरचा वर बसून घाम गाळणार आणि हा खाली शांतपणे श्वास घेणार. तालमीत याला आपण काय म्हणतो ते या सभागृहात म्हणत नाही.

शेवटी क्लाइननं चीत केलं. जिंकला. आणि मग? सुवर्णपदकासाठी स्वीडनच्या क्लास युहान्सनशी लढायचं होतं. क्लाइनच्या अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं, तो उतरलाच नाही. सुवर्णपदक युहान्सनला मिळालं आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी कुस्ती जिंकणाऱ्याला रौप्य.

त्याच स्पर्धेत त्याहून वरच्या वजनाचा अंतिम सामना. स्वीडनचा आन्डर्स आल्ग्रेन आणि फिनलंडचा इवार ब्योलिंग. नऊ तास लढले. नऊ तासांनी पंचांनी हात टेकले, कुस्ती बरोबरीत सोडवली. पण नियम असा की पहिला यायचं तर समोरच्याला हरवलं पाहिजे. कुणी कुणाला हरवलं नव्हतं. मग दोघांनाही रौप्य, सुवर्ण कुणालाच नाही.

नऊ तासांवरून बडोदेकरांना दुसरंच काही आठवलं असेल. १९४७ च्या मार्चमध्ये याच गावात, इंदूरच्या होळकर संघाविरुद्ध रणजीच्या अंतिम सामन्यात, विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. तीही जवळजवळ नऊ तास चालली होती. फरक एवढाच की त्या नऊ तासांत काहीतरी घडत होतं. (इंदूरहून कुणी आलं असेल तर माफ करा, हा आकडा इथं काढावाच लागतो.)

आता आपल्या लोकांची एक तक्रार तुम्ही ऐकली असेल. जुना पैलवान भेटला की पहिलं वाक्य हेच: गुण आले आणि कुस्ती मेली. जत्रेच्या फडावर पूर्वी निकाली कुस्ती व्हायची. हळद, ताक, तेल, लिंबू घालून मळलेली लाल माती, आणि पाठ लागेपर्यंत झुंज. आता सहा मिनिटांत शिट्टी, चार-दोनचा फलक, आणि हात वर. तक्रारीत तथ्य आहे. पण त्यात एक गोष्ट कुणी सांगत नाही. जत्रेत सूर्य मावळला की पंच जोड सोडवतात आणि माणसं घरी जातात. दुसऱ्या दिवशी त्याच फडावर जलतरण नसतं, तिसऱ्या दिवशी सायकलिंग नसतं, आणि जिंकलेल्या पैलवानाला संध्याकाळी पुन्हा लढायचं नसतं.

गामा पैलवानाचंच घ्या. १९०२ साली त्यानं इथं उचललेला दगड सयाजीबागेतल्या संग्रहालयात ठेवलाय. १२०० किलोचा सांगतात. तो बघून आलेला माणूस वेटलिफ्टिंगचे आकडे ऐकून नाक मुरडतो, हे नेहमीचं. हाच गामा १९१० साली लंडनला गेला आणि सप्टेंबरमध्ये पोलंडच्या झ्बिश्कोशी लढला. झ्बिश्को सुरुवातीलाच खाली बसला आणि मॅट धरून पडला. अडीच तासांहून जास्त वेळ. निकाल नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा बोलावलं तर झ्बिश्को आलाच नाही, आणि गामाला विजयी जाहीर केलं. अठरा वर्षांनी, १९२८ साली, पतियाळ्याला तीच जोड लागली तेव्हा गामानं एका मिनिटाच्या आत पाठ लावली. जोड तीच, आणि वेळ एकदा अडीच तास, एकदा एक मिनिटसुद्धा नाही. आता तुम्ही आयोजक आहात असं समजा. या कुस्तीला वेळापत्रकात किती जागा ठेवाल?

तर हा माझा मुद्दा. बहुक्रीडा स्पर्धांचा इतिहास ध्वज, मशाल, शांततेची कबुतरं असा सांगायची पद्धत आहे. मला तो वेळापत्रकाचा इतिहास दिसतो. ठरल्या वेळी संपतो तो खेळ आत राहिला. ज्याला संपायची घाई नव्हती, तो बाहेर गेला किंवा बदलला.

पुरावा घ्या. १८९६ चं अथेन्स दहा दिवसांत उरकलं, ४३ प्रकार. पण त्याची तारीखच दोन. आपण लिहितो ६ एप्रिल, ग्रीक लिहायचे २५ मार्च. त्यांचं कॅलेंडर जुनं, बारा दिवस मागे. ज्या समाजात शिवजयंती तिथीनं की तारखेनं यावर अजून सभा होतात, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग १९०० पॅरिस. जागतिक प्रदर्शनाला बांधलेली स्पर्धा, मे ते ऑक्टोबर, पाच महिन्यांवर. आपण ऑलिंपिकमध्ये भाग घेतोय हे काही खेळाडूंना माहीतच नव्हतं. पोहण्याच्या शर्यती सीन नदीत, प्रवाहाच्या दिशेनं, त्यामुळे वेळा अशा आल्या की पुढच्यांनी लाजावं. तिथंच ऑलिंपिकमधला क्रिकेटचा एकमेव सामना झाला, दोन दिवसांचा, बारा-बारा खेळाडूंचा. इंग्लंडहून आलेला संघ फ्रान्सविरुद्ध १५८ धावांनी जिंकला, आणि शेवटचा गडी बाद झाला तेव्हा पाचेक मिनिटं उरली होती. क्रिकेट त्यानंतर बाहेर गेलं. का गेलं, हे दक्षिण आफ्रिकेतल्या १९३९ च्या दरबानवरून कळतं. 'वेळेचं बंधन नसलेली' कसोटी, ३ मार्चला सुरू. इंग्लंडला ६९६ हवे होते, ६५४ झाले, पाच गडी बाद, आणि सामना अनिर्णित, कारण इंग्लंडच्या संघाची परतीची बोट सुटायची होती. नऊ दिवस खेळून! असा खेळ ऑलिंपिकमध्ये घेणार कोण? तो परत आला वीस षटकांचा होऊन. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत महिलांचा, आणि २०२८ ला लॉस एंजेलिसला.

१९०४ सेंट लुईसही प्रदर्शनाच्या शेपटाला बांधलेलं. १९०८ लंडन एप्रिल ते ऑक्टोबर. खरा बदल १९३२ साली लॉस एंजेलिसला झाला. ३० जुलैला सुरू, १४ ऑगस्टला बंद. सोळा दिवस. तेव्हापासून आजपर्यंत ऑलिंपिक याच चौकटीत बसवतात, दोन-तीन दिवस इकडे तिकडे. लोक म्हणतात १९३२ नं क्रीडाग्राम दिलं. खरं आहे. पण क्रीडाग्राम शक्य झालं ते सोळा दिवसांमुळे. पाच महिने पुरुषांची अख्खी वस्ती कोण पोसणार?

घाई आली की चुकाही आल्या. त्याच १९३२ साली ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत फेऱ्या मोजणारा बदली माणूस होता. त्याची एक फेरी मोजायची राहिली. सगळे धावपटू एक फेरी जास्त, म्हणजे ३४६० मीटर धावले. फिनलंडचा इसो-होलो इतका पुढं होता की त्याला फरक पडला नाही. पण ३००० मीटरवर दुसरा असलेला अमेरिकेचा मॅक्लस्की जादा फेरीत मागं पडला, रौप्य गेलं, कांस्य राहिलं. पुन्हा धावायला तो तयार नव्हता. म्हणून आजही शेवटच्या फेरीला घंटा वाजवतात तेव्हा मोजणाऱ्याच्या हातातला कागद बघावा, धावणाऱ्याकडे काय, सगळेच बघतात.

धावपट्टीचीही हीच कथा. अथेन्सला एक फेरी ३३३ मीटरची आणि वळणं इतकी आवळ की धावणारा वळणावर जवळजवळ थांबायचा. १९०८ ला एका मैलाच्या तीन फेऱ्या, म्हणजे ५३६ मीटर. १९१२ ला ३८३, १९२० ला जवळपास ३९०, १९२४ ला ५००. १९२८ च्या ॲम्स्टरडॅमला ४०० मीटर झाली आणि मग तशीच राहिली. कुणी १९२४ आणि १९२८ च्या वेळा शेजारी ठेवून माणूस सुधारला की नाही यावर लेख लिहिला, तर त्याला आधी विचारा, वळणं किती होती? मॅरेथॉनचं ४२.१९५ किलोमीटर हे अंतरही लंडनला १९०८ साली विंडसर किल्ल्यापासून राजघराण्याच्या आसनापर्यंत मोजलं म्हणून, आणि नियमात बसलं १९२१ साली. मधल्या १९२० च्या अँटवर्पला ते ४२.७५ होतं. ते अंतर धावून आपला फडेप्पा चौगुले एकोणिसावा आला. जादा साडेपाचशे मीटर त्याच्या हिशेबात कुणी धरत नाही.

कुस्तीकडे परत येतो. स्टॉकहोमनंतर वेळेची मर्यादा आली, मग गुण आले, मग बचावाला शिक्षा आली. आज तीन मिनिटांचे दोन भाग, मध्ये तीस सेकंद. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपली, ग्रीको-रोमनमध्ये आठची. फ्रीस्टाइलमध्ये नुसता मागं सरकत राहिलात तर पंच तीस सेकंदांची घटका लावतो. त्यात गुण काढला नाहीत तर समोरच्याला एक गुण. म्हणजे स्टॉकहोमला जे फुकट मिळत होतं, त्या पालथं पडण्याला आता किंमत आहे.

हिशेब बघा, पाटी-पेन्सिलचा. ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे १८ गट, फ्रीस्टाइलचे सहा, ग्रीको-रोमनचे सहा, महिलांचे सहा. प्रत्येकात १६ पैलवान. आठ, चार, दोन, एक अशा पंधरा लढती. शिवाय अंतिम फेरीतल्या दोघांकडून हरलेल्यांना रेपेचाज, म्हणजे दुसरी संधी, आणि कांस्य मिळून चार. एकोणीस. एकोणीस गुणिले अठरा, ३४२ लढती. आत येणं, नाव पुकारणं, रक्त पुसणं धरून लढतीला दहा मिनिटं, तर ५७ तास. दोन-तीन मॅटवर आठवडाभरात निवांत बसतं. हेच स्टॉकहोमच्या हिशेबानं? ३४२ लढती, प्रत्येकी ११ तास ४० मिनिटं. अखंड लढत राहिले तर १६६ दिवस. साडेपाच महिने! पॅरिस १९०० परत.

आणि वेळापत्रक बदललं की माणसाचं नशीब बदलतं. रिओला, २०१६ साली, एक गट एका दिवसात संपायचा. साक्षी मलिकनं रेपेचाजमधून कांस्य काढलं ते एका दिवसात. नंतर गट दोन दिवसांत विभागला, आणि दोन दिवस म्हटल्यावर वजन दोनदा. पहिल्या सकाळी वजन करून पाणी पिऊन, जेवून माणूस दोन-तीन किलो चढतो. ते रात्रीत उतरवायचं. दिवसभरात तीन कुस्त्या जिंकून विनेश फोगाट २०२४ ला पॅरिसमध्ये अंतिम फेरीत गेली, आणि दुसऱ्या सकाळी ५० किलोच्या वर १०० ग्रॅम. अपात्र. लोक डॉक्टरांवर चिडले, आहारतज्ज्ञांवर चिडले. मी म्हणतो, वेळापत्रकाचा कागद काढा. मूळ तिथं आहे. खाशाबा जाधवांचंही तेच सांगतात: १९५२ ला हेलसिंकीत दोन लढतींच्या मध्ये मिळायला हवा होता तो अर्ध्या तासाचा आराम मिळाला नाही, आणि हक्कानं तो मागायला आपला अधिकारी मॅटपाशी नव्हता. कांस्यपदक आलं. त्या अर्ध्या तासात काय आलं असतं, यावर कराडला रात्र काढता येते.

चिठ्ठी आली. बारा मिनिटं उरलीत म्हणे. म्हणजे पत्रिकेवरचा विषय आता सुरू करायला हवा.

१९१३ साली मनिलाला अतिपूर्वेच्या देशांची स्पर्धा सुरू झाली, वायएमसीएच्या एल्वुड ब्राऊन यांच्या पुढाकारानं. १९३४ नंतर ती राजकारणात बुडाली. १९२२ साली पॅरिसला ॲलिस मिलिया यांनी महिलांची स्वतंत्र जागतिक स्पर्धा घेतली, कारण ऑलिंपिकवाले ॲथलेटिक्समध्ये बायकांना घेत नव्हते. ती स्पर्धा फक्त एका दिवसाची होती. सहा वर्षांनी ऑलिंपिकनं पाच शर्यती-प्रकार दिले, आणि ८०० मीटर धावून काही जणी दमलेल्या दिसल्या म्हणून ती शर्यत १९६० पर्यंत काढून टाकली. पुरुष दमून पडले तर पराक्रम, बायका दमल्या तर नियम! १९३० ला कॅनडात हॅमिल्टनला आजची राष्ट्रकुल स्पर्धा सुरू झाली. विजेत्यांना उंच पायरीवर उभं करायची पद्धत तिथली, ऑलिंपिकनं दोन वर्षांनी उचलली. १९३४ ला भारत त्यात प्रथम उतरला आणि रशीद अन्वरनं कांस्य आणलं. कशात? कुस्तीत.

त्याच १९३४ साली गुरुदत्त सोंधी यांनी दिल्लीला पश्चिम आशियाई स्पर्धा घेतली. अफगाणिस्तान, सिलोन, पॅलेस्टाइन आणि आपण. ती एकदाच झाली, पण तिच्यातूनच पुढं आशियाई स्पर्धेची कल्पना आली. १९५० ला ठरलेली पहिली आशियाई स्पर्धा तयारी नसल्यानं १९५१ च्या मार्चवर गेली. ११ देश, ४८९ खेळाडू, आठ दिवस. सचिन नाग यांनी १०० मीटर पोहण्यात भारताचं पहिलं सुवर्ण मिळवलं. १९६२ ला जाकार्तानं इस्रायल आणि तैवानला व्हिसा दिले नाहीत, सोंधींनी विरोध केला तर आपल्या वकिलातीवर दगडफेक झाली, आणि पुढच्या वर्षी सुकर्णोंनी 'गानेफो' नावाची वेगळी चूलच मांडली. ती फार दिवस पेटली नाही.

पॅरालिंपिकवर खरं तर अख्खं व्याख्यान हवं. २९ जुलै १९४८, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाचाच दिवस, आणि स्टोक मँडेव्हिल रुग्णालयाच्या हिरवळीवर डॉ. लुडविग गटमान यांनी सोळा जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. १९६० ला रोममध्ये त्याचं मोठं रूप. १९७२ ला हायडेलबर्गला आपल्या सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकरांनी पोहण्यात सुवर्ण घेतलं. वेळापत्रकाचा सगळ्यात अवघड पेपर हाच आहे. अपंगत्वाच्या वर्गानुसार एका शर्यतीच्या अनेक शर्यती होतात. पॅरिस २०२४ ला ऑलिंपिकमध्ये ३२९ प्रकार होते, पॅरालिंपिकमध्ये ५४९, आणि दिवस मात्र कमी.

आता आपले खेळ, पाच मिनिटांत. १९२३ साली याच बडोद्यात हुतूतूचे नियम छापले गेले, स्पर्धा झाली. जुन्या हुतूतूत घड्याळ कुठं होतं? खेळणाऱ्याच्या छातीत. दम हाच काटा. दम सुटला, वेळ संपली. पण दम खरा सुटला की तोंडातल्या तोंडात घेतला, यावर भांडण ठरलेलं. म्हणून आज चढाईला तीस सेकंद आणि वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. १९३६ ला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं बर्लिनमध्ये हे खेळ दाखवले. त्याच बर्लिनमध्ये हॉकीच्या अंतिम सामन्यात आपण जर्मनीला ८-१ हरवलं, आणि प्रेक्षकांत सयाजीराव महाराज बसले होते. १९८२ ला दिल्लीत कबड्डी प्रदर्शनापुरती, १९९० ला बीजिंगला पदकासह. बर्लिनच्या प्रदर्शनापासून पदकापर्यंत, चोपन्न वर्षं.

२०२६ ला ग्लासगोच्या राष्ट्रकुलमध्ये फक्त दहा खेळ आहेत. खर्च परवडेना म्हणून. हॉकी नाही, बॅडमिंटन नाही, आणि कुस्तीही नाही. २०३० ला तीच स्पर्धा अहमदाबादला आहे, इथून दोन तासांवर. पंधरा-सतरा खेळ म्हणतात, आणि यजमानांना दोन नवे किंवा पारंपरिक खेळ सुचवता येतात. सगळे मल्लखांब म्हणतील. मल्लखांब मलाही प्रिय आहे, पण तिथं निर्णय पंचांच्या डोळ्यावर, आणि भाग घेणारे किती देश निघतील हा पहिला प्रश्न विचारला जाईल. खो-खो मांडून बघू. मैदान २७ बाय १६ मीटर, एका बंदिस्त हॉलमध्ये मावतं. नऊ मिनिटं आक्रमण, पाच विश्रांती, नऊ आक्रमण, मध्ये नऊ, पुन्हा नऊ-पाच-नऊ. एकूण ५५ मिनिटं. बरोबरी झाली तर जादा डाव, मग लघुत्तम आक्रमण (पहिला गडी कमी वेळात बाद करील तो जिंकला), ते धरून सव्वा तास. पुरुषांचे आठ संघ, महिलांचे आठ. दोन गटांत चार-चार, म्हणजे साखळीचे बारा, दोन उपांत्य, एक कांस्य, एक अंतिम, सोळा. दोन्ही मिळून बत्तीस सामने, चाळीस तास. रोज आठ तास धरले तर एक हॉल, पाच दिवस.

हा कागद करून आणलाय. अध्यक्षांकडे देतो. ज्यांना अहमदाबादला कुणी ओळखीचं आहे, त्यांनी जाताना प्रत घ्या.